विकासदर अंबडपर्यंत आला. सिडकोत केव्हा पोहोचणार?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रा. राज कृष्ण या अर्थतज्ज्ञाने भारताच्या साडेतीन टक्क्यांच्या मंद वाढीला ‘हिंदू विकासदर’ असे नाव दिले. परवाना-परमिटचे राज्य उभे केले ते सोव्हिएत नियोजनाच्या मोहात पडलेल्या राज्यकर्त्यांनी. दूषण मात्र चिकटले ते हिंदूंच्या जीवनदृष्टीला. पुढे इंग्रजी वृत्तपत्रांनी हा शब्दप्रयोग इतका मिरवला की, हिंदू असणे आणि दरिद्री राहणे यांचा काही अंगभूत संबंध असावा, असे सुशिक्षितांनाही वाटू लागले. आता तो दर मागे पडला आहे. सहा-सात टक्के वाढ ही नित्याची बाब झाली असून, जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये सर्वाधिक वेगाने वाढणारा देश म्हणून भारताचे नाव घेतले जाते. याचा आनंद कोणाही राष्ट्रभक्ताला व्हावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु हा आकडा दूरचित्रवाणीवर झळकत असताना त्याच घरात महिन्याच्या वीस तारखेला घराचा हप्ता, मुलाच्या शिकवणीचे शुल्क आणि आजीचे औषध यांचा मेळ घालीत बसलेल्या गृहिणीच्या मनात एक प्रश्न उठतो. देश वाढतो आहे, हे तिला मान्य असते. त्या वाढीतले तिच्या घरी नेमके काय आले, एवढेच तिला कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या परिसंवादात शोधण्यापेक्षा नाशिकमध्ये शोधणे सोपे आहे. नाशिकचा औद्योगिक मध्यमवर्ग डोळ्यांदेखत घडला, आणि तोही त्याच हिणवल्या गेलेल्या साडेतीन टक्क्यांच्या काळात. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस इंग्रजी अमदानीतला, १९२५ सालचा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरच्या शिवारात कारखान्यांची आखणी सुरू झाली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पाठोपाठ मायको आली. तिच्या नावाचा चौक आजही नाशिककरांच्या बोलण्यात आहे, कंपनीचे नाव मात्र २००८ साली बॉश झाले. महिंद्र आली, विद्युत उपकरणांचे कारखाने आले. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या तालुक्यांतील शेतकऱ्यांची आणि जुन्या नाशकातील भिक्षुक, कारकून, शिक्षक यांची मुले आयटीआय करून यंत्रावर उभी राहिली. वर्ष-दोन वर्षांत कायम झाल्याचे पत्र हाती पडे. ते पत्र दाखवून लग्न ठरे, त्याच पत्रावर पतपेढीचे कर्ज मिळे आणि सिडकोच्या स्कीममधले घर होई. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या परिसरातील दोन खोल्यांच्या घरांवर पुढे चढलेले मजले म्हणजे त्या कायमपणाचीच उंची होय. घरात कमावता एक. त्याच्या वेतनावर आई-वडील, दोन मुले आणि शिकायला आलेला गावाकडचा पुतण्या, एवढ्यांचा संसार चाले. मुलगी पदवीधर होई, मुलगा अभियंता होई.

म्हणून तो काळ सुवर्णयुग होता, असे मात्र नव्हे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवावे लागे. दूरध्वनीची प्रतीक्षायादी तर एका पिढीने लावून दुसऱ्या पिढीने उपभोगावी अशी. गॅसच्या जोडणीसाठी खासदाराची शिफारस लागे आणि ती मिळवून देणारा माणूस गल्लीत प्रतिष्ठित ठरे. ज्याला कारखान्याचे फाटक उघडले, त्याचे भाग्य उजळले. ज्याला उघडले नाही, तो रोजगार विनिमय केंद्राच्या रांगेतच राहिला. हे सर्व ठाऊक असलेला नाशिककर मध्यमवर्ग १९९१ च्या बदलांकडे शत्रुत्वाने पाहणे शक्यच नव्हते. त्याला त्यातून पुष्कळ मिळालेही. २००२ मध्ये स्कॉर्पिओ याच शहरातील कारखान्यातून बाहेर पडली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १०.७७ लाखांवरून १४.८६ लाखांवर गेली. ज्या घरात आजोबांनी सायकल वापरली, तेथे नातवाची मोटार उभी आहे. ही प्रगती नाकारणारे डावे पंडित वस्तुस्थितीशी प्रतारणा करतात. गरिबीचे भांडवल हेच ज्यांचे भांडवल, त्यांना समृद्धीची चाहूल नेहमीच अप्रिय वाटते.

तथापि वस्तू मिळणे वेगळे आणि घर स्थिर होणे वेगळे. मध्यमवर्गाला मध्यमवर्ग बनवते ती त्याची वस्तूंची यादी नव्हे. उद्याची खात्री हाच त्याचा कणा. या कसोटीवर गेल्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला की, चित्र बदलते.

पहिला घाव बसला तो त्या कायमपणाच्या पत्रावर. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार, नव्या शतकाच्या आरंभी देशातील संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या पुढे गेले. कारखाना तोच, यंत्र तेच, पाळीही तीच. परंतु शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे वेतन कंपनीच्या खात्यातून येते आणि दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. सिडकोत घर बांधणाऱ्या पित्याचा डिप्लोमाधारक मुलगा घरापासून हाकेच्या अंतरावर, अंबडच्या वसाहतीत, कधी अकरा महिने तर कधी सात महिने काम करतो आणि मधल्या काळात नव्या ठेकेदाराच्या दूरध्वनीची वाट पाहतो. त्याच्या वेतनाचा आकडा वडिलांच्या जुन्या वेतनपत्रकापेक्षा मोठा दिसतो. पण त्या आकड्यावर बँक घरासाठी कर्ज देत नाही आणि मुलीचे वडील होकार देत नाहीत. विवाह लांबणे हा आज केवळ शेतकरी तरुणांपुरता प्रश्न राहिलेला नाही, तो औद्योगिक वसाहतींच्या कडेला वसलेल्या घरांतही शिरला आहे.

ही ओरड केवळ कामगार संघटनांची आहे, असे समजण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेच ही नोंद केली आहे. २०२३-२४ मध्ये मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार मात्र अवघ्या १.५ टक्क्याने, आणि नफ्याचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण पंधरा वर्षांतील उच्चांकावर पोहोचले. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी करात मोठी कपात करण्यात आली, ती नवी गुंतवणूक आणि नवा रोजगार यांच्या अपेक्षेने. त्या अपेक्षेचे किती फळ सामान्य घराच्या पदरी पडले, हे वरील दोन आकडे शेजारी ठेवले की स्पष्ट होते. उलट, २०२३-२४ मध्ये व्यक्तिगत आयकराचे उत्पन्न दहा लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आणि कंपनी कर नऊ लाख कोटींच्या आसपास राहिला. ज्याचा कर वेतन हाती पडण्यापूर्वीच कापला जातो, तो नोकरदार राष्ट्राच्या तिजोरीत बड्या उद्योगांहून अधिक भर घालतो आहे.

सरकारने याची दखल घेतलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे टप्पे कमी झाले आणि व्यक्तिगत आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील कर उठला. सत्तर वर्षांवरील प्रत्येक ज्येष्ठास, त्याचे उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत २०२४ साली सामावून घेण्यात आले. आरोग्यावरील एकूण खर्चापैकी रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. विकासाचा लाभ घरापर्यंत नेण्याची इच्छा असेल तर तो नेता येतो, याचे हे प्रमाण होय. मात्र कराची सवलत त्यालाच, ज्याला कर पडतो. अंबडच्या कंत्राटी तंत्रज्ञाचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सवलतीचा आनंद त्याने वर्तमानपत्रातच वाचायचा.

बचतीची कथाही अशीच. मराठी मध्यमवर्ग हा मुळात ठेवीदार. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत असे. २००३ साली ते ८ टक्के झाले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आले. त्या जुन्या काळी महागाईही अधिक होती आणि गृहकर्जही महाग होते, हे विसरून चालणार नाही. व्याजदर उतरले म्हणून तर सामान्य नोकरदाराला घर घेण्याचे धाडस झाले. पण झाले असे की, ठेवीदार पित्याच्या व्याजात कपात होऊन कर्जदार पुत्राचा हप्ता स्वस्त झाला आणि तो स्वस्त झालेला हप्ता घरांच्या वाढत्या किमतींनी गिळून टाकला. दोघांचेही हात रिकामेच. मधले कोणाच्या हाती गेले, ते गंगापूर रोडवरील इमारतींचे फलक सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार, २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली. जवळजवळ पन्नास वर्षांतील ही नीचांकी पातळी होती. लोक घरे आणि वाहने घेत आहेत, म्हणून असे दिसते, हा सरकारी खुलासा अंशतः खराही आहे. उरलेला अंश म्हणजे दूरचित्रवाणी संचापासून लग्नापर्यंत सर्व काही हप्त्यावर घेण्याची लागलेली सवय. ऋण काढून सण साजरा करण्याला पूर्वी लाज वाटे. आता त्याच वृत्तीला ग्राहकांचा आत्मविश्वास असे नाव मिळाले असून, तो वाढला की शेअर बाजार उसळतो.

सर्वांत कटू हिशेब आहे तो निवृत्तांचा, आणि नाशिकमध्ये तो घरोघरी मांडला जातो. सातपूरच्या कारखान्यांत तारुण्य घालवलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. तिच्यासाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिचे सूत्र सरळ आहे : निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. खोच आहे ती वेतनाच्या मर्यादेत. प्रत्यक्ष वेतन कितीही असो, हिशेबासाठी ही मर्यादा आरंभी ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये ठेवण्यात आली; शिवाय २०१४ पूर्वीच्या सेवेचा हिशेब जुन्या मर्यादेनेच. त्यामुळे योजनेच्या आरंभापासून २०२० पर्यंत पंचवीस वर्षे सलग वर्गणी गेलेल्या कुशल कामगाराच्या वाट्याला, वाढीव सेवावर्षांचा लाभ धरूनही, महिना साडेतीन हजार रुपयांच्या आसपास निवृत्तिवेतन येते. पंधरा हजारांच्या मर्यादेत पस्तीस वर्षांची पूर्ण सेवा धरली, तरी सूत्राचे उत्तर ७,५०० च्या पुढे जात नाही. किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० रुपये ठरवण्यात आले. त्यावर महागाई भत्ता नाही. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला, तोच वयाच्या ऐंशीव्या वर्षीही. याच नाशकात, नाशिकरोडच्या प्रेसमधून २००६ पूर्वी, म्हणजे तो सरकारी खात्यात असताना, निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याला शासकीय निवृत्तिवेतन मिळते आणि महागाईबरोबर ते वाढतेही. त्याच्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. ते त्याच्या श्रमाचेच फळ आहे. पण चाळीस वर्षे गाड्यांचे सुटे भाग घडवणाऱ्याचे श्रम कोणत्या तराजूत कमी भरले? प्रत्यक्ष वेतनावर निवृत्तिवेतनाचा पर्याय देण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय दिला खरा, परंतु त्यासाठी मधल्या वर्षांच्या फरकाची रक्कम आधी भरावी लागते आणि जुन्या नोंदी जुळवाव्या लागतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराने त्या नोंदी कोठून आणायच्या?

या निवृत्तांचे निभावते ते कुटुंबामुळे. पाश्चात्त्य अर्थशास्त्र ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणते, तिचा भार भारतात सरकारने नव्हे, कुटुंबसंस्थेने वाहिला आहे. आणि वाढीचे प्रचलित प्रतिमान नेमके याच संस्थेच्या मुळाशी येते. नाशिकचा अभियंता मुलगा हिंजवडीला, बंगळूरला नाहीतर अमेरिकेत जातो. त्याने मिळवलेले उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते, त्याच्या मुलाच्या पाळणाघराचे शुल्कही मोजले जाते आणि इकडे वृद्ध आईसाठी ठेवलेल्या परिचारिकेचे वेतनही. आजी नातवाला सांभाळीत असे आणि सून सासूची शुश्रूषा करीत असे, तेव्हा त्यातले काहीच मोजले जात नव्हते. घर दुभंगले म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न वाढते, अशी ही गणिताची अजब रीत आहे.

नाशिकच्या संदर्भात कांद्याचाही उल्लेख अपरिहार्य आहे, कारण शहरी मध्यमवर्गाला दिलासा देण्याची जी सोपी वाट सरकारांना सापडते, ती लासलगावच्या बाजारातून जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उघडली. शुल्क पूर्णपणे उठायला एप्रिल २०२५ उजाडावे लागले. कॉलेज रोडवरच्या गृहिणीचे महिन्याला काही रुपये वाचले असतील. पण तिचाच दीर चांदवडला कांदा पिकवतो आणि त्याच्या मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क त्या कांद्यातूनच भरले जाते. शहर आणि गाव यांना ग्राहक व उत्पादक अशा दोन छावण्यांत उभे करणारे धोरण नाशिकसारख्या जिल्ह्यात एकाच कुटुंबाच्या दोन चुली एकमेकींविरुद्ध पेटवते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, त्याला साठ वर्षे उलटून गेली. प्रत्येक हाताला काम हा अर्थव्यवस्थेचा पाया असला पाहिजे आणि माणूस यंत्रासाठी नसून यंत्र माणसासाठी आहे, हा त्यांचा आग्रह होता. दत्तोपंत ठेंगडी यांनी तो आग्रह कामगारक्षेत्रात उतरवला. उद्योगांचे श्रमिकीकरण हे भारतीय मजदूर संघाचे सूत्र घोषणेपुरते नव्हते. कारखान्याच्या समृद्धीत श्रम करणारा भागीदार असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. आपल्याच विचारांचे सरकार दिल्लीत असताना, २००१ साली, त्या सरकारच्या आर्थिक धोरणावर दत्तोपंतांनी राजधानीतच भर मेळाव्यात कठोर टीका केली. सत्ता आपली म्हणून प्रश्न गिळायचे नसतात, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आज त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचे हे वळणही घ्यायला हवे.

त्या दृष्टीने पाहिल्यास काही गोष्टी स्वच्छ दिसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगारास एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ही तरतूद अंबड-सातपूरमध्ये किती ठेकेदार पाळतात, हे तपासायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ते काम येथील कामगार संघटनांचे आणि येथील कामगार उपायुक्तांचे. लघुउद्योजकाचेही तसेच. नोकरी सोडून दोन लेथ टाकणारा, चार जणांना काम देणारा नाशिकचा छोटा कारखानदार हा त्याच मध्यमवर्गाचा कर्ता पुत्र आहे. त्याचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आणि ते न पाळणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची करवजावट मिळणार नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तरीही तक्रार करण्यास तो धजावत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातील नफ्याचा एक भाग हा अशा थकवलेल्या देयकांवर बिनव्याजी उभा असतो, हेही विकासदराच्या हिशेबात कधीतरी धरले जावे.

निवृत्तिवेतनाच्या वेतनमर्यादेचा प्रश्न तर याहून सोपा आहे. ती महागाईच्या निर्देशांकाशी एकदा जोडली की, दर वेळी आंदोलन, निवेदन आणि न्यायालय यांची गरज उरत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. तोच निर्देशांक सातपूरच्या निवृत्त जोडाऱ्यालाही लावण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल आणि घाट यांची कामे निघाली आहेत. सरकारी पैशाने निघालेली ही कामे जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात दिसतीलच. त्यांतली किती कामे स्थानिक अभियंत्यांच्या आणि मजूर सहकारी संस्थांच्या हाती पडतात, त्यांवर राबणाऱ्यांपैकी कितींच्या हाती नियुक्तिपत्र असते आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कितींची वर्गणी जमा होते, ही माहिती पर्व संपण्यापूर्वी जाहीर करण्याची मागणी नाशिककरांनी आतापासूनच करायला हवी.